खताचं तिसरं पोतं आणि मुंबईचा पहिला सरन्यायाधीश

शिरोळच्या मळीच्या रानातल्या कुठल्याही ऊसकऱ्याला विचारा, तो सांगेल. एकराला खताचं पहिलं पोतं पडलं की ऊस तरारून येतो. दुसऱ्या पोत्यानंही फरक पडतो, पण पहिल्याएवढा नाही. तिसऱ्याला पैसे तेवढेच, टाकायची मेहनत तेवढीच आणि वाढीव उतारा मात्र जेमतेम. चौथं पोतं म्हणजे पैसे मातीत. हे कळायला पुस्तक कशाला लागतं?

अर्थशास्त्राला लागलं! रानात उभ्या असलेल्या माणसाला जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, त्यात बाजारभावाचं, जमिनीच्या खंडाचं आणि मजुरीचं अख्खं गणित दडलेलं आहे, हे विद्वानांच्या ध्यानात यायला १८१५ साल उजाडावं लागलं. फ्रान्समध्ये तूर्गोनं यातला मूळ मुद्दा आधीच हेरला होता. पण त्यावर सगळी इमारत उभी राहिली ती १८१५च्या फेब्रुवारीत, लंडनमध्ये. ती उभारणाऱ्यांपैकी एक जण पुढे मुंबईचा पहिला सरन्यायाधीश झाला आणि पुण्यात वारला. बारावीच्या अर्थशास्त्रात घटत्या फलाचा नियम घोकणाऱ्या आपल्या किती मुलांना हे ठाऊक असेल?

या माणसाचं नाव सर एडवर्ड वेस्ट. जन्म इंग्लंडात, १७८२चा. शाळा हॅरोची, कॉलेज ऑक्सफर्डचं, १८१४ साली बॅरिस्टर. इथपर्यंतची वाट त्या काळच्या शेकडो इंग्रज वकिलांसारखीच. पण दुसऱ्याच वर्षी त्यानं एक पुस्तिका छापली आणि तिच्यावर स्वतःचं नावही घातलं नाही. लेखक म्हणून फक्त ‘ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा एक फेलो’ एवढंच.

तो महिना डोळ्यांपुढे आणा. नेपोलियन एल्बा बेटावर अडकून पडलेला. युद्धाच्या काळात परदेशी गहू यायची मारामार होती, म्हणून इंग्लंडात माळरानंसुद्धा नांगराखाली आलेली आणि गव्हाचे भाव आभाळाला भिडलेले. आता शांतता येणार, परदेशी गहू येणार, भाव कोसळणार. जमीनदार पार्लमेंटात ओरडू लागले, ‘आयात रोखा!’ आणि या एका वादात तीन आठवड्यांच्या आत तीन माणसांनी तीन पुस्तिका काढून जवळपास एकच सिद्धांत मांडला. एक माल्थस, लोकसंख्येवरच्या निबंधामुळे आधीच गाजलेला. दुसरा रिकार्डो, शेअर बाजारात गडगंज झालेला. आणि तिसरा हा बिननावाचा फेलो. दोन वर्षांनी रिकार्डोनं आपला मोठा ग्रंथ काढला, तेव्हा खंडाचा खरा सिद्धांत जगापुढे आणण्याचं श्रेय प्रस्तावनेतच त्यानं माल्थसला आणि या फेलोला देऊन टाकलं. विद्वानांच्या जगात इतका दिलदारपणा रोज बघायला मिळत नाही.

वेस्टचं म्हणणं काय होतं? तोंडं वाढली की धान्य जास्त लागतं. ते आणायचे दोनच मार्ग. एक तर हलकी जमीन कसायची, नाहीतर चांगल्या जमिनीतच आणखी पैसा आणि आणखी कष्ट ओतायचे. दोन्हीकडे गाठ त्या तिसऱ्या पोत्याशीच. पुढचं प्रत्येक पोतं धान्य मागच्यापेक्षा महाग पडत जातं. पण बाजारात भाव एकच असतो आणि तो ठरतो सगळ्यात महागात पिकलेल्या धान्यावर, कारण तो खर्च निघाला नाही तर ते कुणी पिकवणारच नाही. मग ज्याची जमीन कसदार, त्याच्या पदरात मधला फरक आपोआप पडतो. हाच खंड. जमीनदारानं बोटही हलवायला नको! देश जितका धान्याच्या टंचाईत, तितका खंड चढा. आयात रोखली तर फायदा कुणाचा, हे आता वेगळं सांगायला हवं का?

पार्लमेंटनं ऐकलं नाही. मार्चमध्ये कायदा झाला आणि जमीनदार जिंकले.

१८२२ साली राजानं वेस्टला मुंबईचा रेकॉर्डर, म्हणजे तिथल्या राजाच्या न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश नेमलं. ‘सर’ ही पदवी मिळाली, ल्युक्रेशिया फोक्सशी लग्न झालं आणि आफ्रिकेला वळसा घालून दोघं १८२३च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरली. ल्युक्रेशियाबाईंनी मुंबईत रोजनिशी ठेवली. ती टिकली म्हणून त्या लहानशा गोऱ्या वस्तीतली भांडणं, मेजवान्या आणि रुसवेफुगवे आज आपल्याला घरातून पाहिल्यासारखे दिसतात.

परक्या मुलुखात आपला न्यायाधीश पाठवायची रीत इंग्रजांना नवी नव्हती. ती त्यांनी आयर्लंडमध्ये दोनशे वर्षं आधीच गिरवली होती. तिथे कुळाचा प्रमुख वारला की थोरला मुलगाच गादीवर येईल असं नव्हतं, कुळातला कर्ता पुरुष निवडला जाई. १६०८ सालच्या एका खटल्यात इंग्रजी न्यायालयानं ही रीतच बेकायदा ठरवली. त्या वेळचा तिथला ॲटर्नी जनरल सर जॉन डेव्हिस हा इंग्लंडात जन्मलेला, आणि कवी म्हणून नाव असलेला माणूस! निकालाच्या एका फटक्यात आयरिश घराण्यांच्या पायाखालची जमीन सरकली. तिथे न्यायाधीश आणि सत्ता एकाच बाजूला होते.

मुंबईत मात्र काहीतरी वेगळंच घडलं, आणि ते समजून घ्यायला एक विलक्षण रचना पाहावी लागते.

मुंबईचा गव्हर्नर कुणाचा माणूस? ईस्ट इंडिया कंपनीचा. न्यायाधीश कुणाचा? इंग्लंडच्या राजाचा. एकाच किल्ल्यात हाकेच्या अंतरावर दोन सत्ता, आणि दोघांचे धनी वेगवेगळे! ८ मे १८२४ रोजी रेकॉर्डरच्या कोर्टाचं सुप्रीम कोर्ट झालं, वेस्ट त्याचा पहिला सरन्यायाधीश आणि जोडीला सर राल्फ राइस व सर चार्ल्स चेंबर्स. कोर्ट भरायचं हॉर्नबी हाउसमध्ये. ही वास्तू आजही आहे. नौदलाच्या गोदीच्या लायन गेटसमोरची ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग म्हणतात ती हीच. इथून पुढे जाल तेव्हा मान वर करून बघा.

आता यातली खरी चावी. गव्हर्नरनं मुंबई बेटासाठी एखादा नियम केला, तरी तो लगेच कायदा होत नसे. तो सुप्रीम कोर्टात वाचला जायचा आणि न्यायाधीशांनी नोंदवून घेतला तरच अमलात यायचा. तोफा, पलटणी, खजिना सगळं गव्हर्नरकडे. पण न्यायाधीशानं नोंदवहीत शाई टेकवली नाही, तर तो हुकूम नुसता कागद! पेशवाईचा वाडा सहा वर्षांपूर्वी ज्यांच्यापुढे पडला, त्या कंपनीचा हात एका नोंदवहीपाशी अडकावा, हे मला आजही थक्क करतं.

आणि वेस्टनं ही चावी खरोखरच फिरवली. सरकारच्या दृष्टीनं तो फार कडक माणूस होता. आल्या आल्या त्यानं पाच बॅरिस्टरांना सहा महिन्यांसाठी निलंबित केलं. कोर्टाच्या चाकरीतल्या विल्यम अर्स्किनला काढून टाकलं. हा अर्स्किन म्हणजे बाबराच्या आत्मचरित्राचं इंग्रजी भाषांतर पुरं करणारा पंडित आणि गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा जिवलग मित्र. इथे वेस्टनं हात जरा आवरता घ्यायला हवा होता, असं मला वाटतं. एल्फिन्स्टन काही जुलमी गव्हर्नर नव्हता. महाराष्ट्रात शिक्षणाची पायवाट घालणाऱ्यांत त्याचं नाव घ्यावंच लागतं. पण दोन सरळ माणसांचीसुद्धा टक्कर होऊ शकते, कारण दोघं दोन वेगळ्या खुर्च्यांवर बसलेले असतात.

पोलिसांच्या बाबतीत मात्र माझं मत पूर्ण वेस्टच्या बाजूचं आहे. मुंबईतले पोलीस मॅजिस्ट्रेट कायद्यानं दिलेल्या अधिकाराबाहेर जाऊन गरीब लोकांना फटके मारवत आणि बेटाबाहेर हाकलून देत. ज्याची पाठ सोलली जायची, त्याला दाद मागायला जागाच नव्हती. ही गोष्ट सरन्यायाधीशानं भर कोर्टात, ग्रँड ज्युरीपुढे काढली. गोऱ्या समाजानं त्याच्याकडे पाठ फिरवली, वेस्टनं मत फिरवलं नाही.

मग १८२६ साली आला छापखान्यांचा प्रश्न. सरकारचा परवाना असल्याशिवाय वर्तमानपत्र काढायचं नाही, असा नियम कलकत्त्यात १८२३ सालीच झाला होता. राममोहन रॉय यांनी विरोधात अर्ज केला, तो फेटाळला गेला आणि तिथल्या सुप्रीम कोर्टानं नियम नोंदवून घेतला. तसाच नियम मुंबईत नोंदणीसाठी आला. वेस्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो नोंदवायला नकार दिला. कलकत्त्यात जे चाललं, ते मुंबईत अडलं! पुढे ६ जानेवारी १८३२ रोजी याच मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याहून शिकायला आलेल्या जांभेकरांनी. मराठी पत्रकारिता जन्माला आली त्या शहरात, सरकारला नियम करतानाही कोर्टाचा उंबरा ओलांडावा लागतो हे सहा वर्षं आधी लोकांनी पाहून ठेवलं होतं.

१८२८च्या पावसाळ्यात वेस्ट पुण्याला गेला आणि ऑगस्टमध्ये तिथेच वारला. वय सेहेचाळीस. काही आठवड्यांत ल्युक्रेशियाबाईही गेल्या. इकडे मुंबईतल्या हिंदी रहिवाशांनी वर्गणी काढून त्याच्या नावानं शिष्यवृत्ती ठेवली. ज्या कोर्टात आपला एकही न्यायाधीश नाही, तिथल्या परक्या न्यायाधीशासाठी लोकांनी खिशात हात घातला.

आणि त्याच्या मागे जो भडका उडाला, तो तर कादंबरीत शोभावा असा. पुण्यातला मोरो रघुनाथ हा चौदा वर्षांचा मुलगा पांडुरंग रामचंद्र या वडीलधाऱ्या नातलगाच्या ताब्यात होता. पांडुरंगराव दख्खनच्या सरदारांपैकी. मुलाच्या दुसऱ्या बाजूच्या नातलगांनी मुंबईच्या कोर्टात धाव घेतली, ‘पोराला डांबून ठेवलंय, सोडवा.’ चेंबर्स आणि नव्यानं आलेले स्कॉटिश न्यायाधीश सर जॉन पीटर ग्रँट यांनी हेबियस कॉर्पसचा हुकूम काढला.

हा हुकूम चालतो कसा, हे जवळून बघण्यासारखं आहे. कोर्ट आधी कुणाला दोषी ठरवत नाही की शिक्षा देत नाही. ते ताब्यात ठेवणाऱ्याला एवढंच सांगतं, ‘तो माणूस इथे आणून उभा कर आणि तू त्याला कुठल्या अधिकारानं धरलंस ते लिहून दे.’ उत्तर आलं नाही की दुसरा हुकूम, तरी आलं नाही की तिसरा, प्रत्येक मागच्यापेक्षा सक्त. समोर तुरुंगाधिकारी असो की सरदार, प्रश्न तोच. हजारो मैलांवरच्या बेटात शतकानुशतकं घासून तयार झालेलं हे हत्यार पेशवाई बुडून दहा वर्षं होतात न होतात तोच पुण्याच्या वाड्याच्या दारात येऊन थडकलं!

आता गव्हर्नर होते सर जॉन माल्कम. त्यांना धडकी भरली. सुप्रीम कोर्टाची हद्द मुंबई बेटापुरती, बाहेर फक्त जन्मानं ब्रिटिश असलेले आणि कंपनीचे नोकर. दख्खनच्या सरदारांना कंपनीनं मान राखायचा शब्द दिलेला. उद्या मुंबईचं कोर्ट त्यांना फरफटत नेऊ लागलं तर? ३ ऑक्टोबर १८२८ रोजी माल्कम आणि त्यांच्या कौन्सिलनं न्यायाधीशांना पत्रच लिहिलं की असे हुकूम काढू नका. न्यायाधीश भडकले. सरकारला काही म्हणायचं असेल तर कोर्टात अर्ज घेऊन यावं, पत्र कसलं लिहिता? १३ ऑक्टोबरला चेंबर्सही वारले. तिघांच्या बाकावर ग्रँट एकटेच उरले.

सरकारनं हुकमाला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. मग १ एप्रिल १८२९ रोजी ग्रँटनी जे केलं त्याला तोड नाही. त्यांनी सुप्रीम कोर्टच बंद केलं! कोर्टाचा हुकूम सरकार पाळत नसेल तर कोर्ट चालवायचंच कशाला?

गंमत बघा, लंडनला प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे या कोर्टाच्याही वरच्या न्यायपीठानं, १४ मे १८२९ रोजी निकाल दिलासुद्धा, पण बातमी जहाजानं यायला कित्येक महिने. मुंबईत हमरीतुमरी चालू होती तेव्हा भांडण तिकडे मिटलेलं होतं! निकाल सरकारच्या बाजूचा. बेटाबाहेरच्या अशा रहिवाशावर सुप्रीम कोर्टाला हेबियस कॉर्पस काढता येत नाही. लंडनमधून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लॉर्ड एलेनबरोनं माल्कमना खाजगी पत्रात लिहिलं की दोन नवे न्यायाधीश धाडतोय, त्यांच्यामध्ये ग्रँट म्हणजे दोन माणसाळलेल्या हत्तींमधला रानहत्ती. ते पत्र फुटून वर्तमानपत्रांत झळकलं. मोरोचा प्रश्न तसाच राहिला.

कायद्याच्या अक्षरापुरतं बोलायचं तर प्रिव्ही कौन्सिलचा निकाल बरोबर होता, असं मला वाटतं. कोर्टाच्या सनदेत हद्द लिहिलेली होती. तरीही पुण्याच्या पोराला कोर्ट नाही आणि मुंबईच्या पोराला आहे, ही रेघ ज्यांनी पुसायचा प्रयत्न केला त्यांच्याबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

वेस्टच्या गोष्टीचा दुसरा धागाही पुण्याच्या मातीतच सापडतो, आणि तो मला पहिल्याहून अद्भुत वाटतो. ज्या वर्षी वेस्ट पुण्यात वारला, त्याच सुमाराला पुण्याच्या आसपासच्या शिवारांत प्रिंगल नावाचा कंपनीचा अधिकारी जमिनीची मोजणी करत होता. कशासाठी? शेतसारा ठरवायला. कुठल्या तत्त्वावर? त्याच खंडाच्या सिद्धांतावर! प्रिंगल हेलिबरीला शिकलेला, कंपनीच्या कॉलेजात, आणि तिथे अर्थशास्त्र शिकवायला होते साक्षात माल्थस. पिकाच्या किमतीतून लागवडीचा खर्च वजा करायचा, उरेल ते निव्वळ उत्पन्न, त्याचे ५५ टक्के सरकारचे. कागदावर किती सुरेख! प्रत्यक्षात प्रत्येक रानाचा खर्च कोण मोजणार? सारा बसेना, वसूल होईना, रयत गावं सोडून जाऊ लागली. अखेर हा हिशेब गुंडाळावा लागला आणि १८३५-३६ला इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्यानं पाहणी सुरू केली. लंडनमध्ये जमीनदाराचा फुकटचा फायदा उघडा पाडायला निघालेला सिद्धांत पुण्यात आला आणि सरकारच जमीनदार होऊन बसलं.

याला उत्तर द्यायला कोण उभं राहिलं? पुन्हा एक न्यायाधीश, आणि तो आपल्या कोल्हापूरचा म्हणावा असा. महादेव गोविंद रानडे यांचा जन्म निफाडचा, पण वडील कोल्हापूर दरबारच्या नोकरीत, त्यामुळे बालपण आणि पहिली शाळा इथली. पुढे काही काळ कोल्हापूर संस्थानात त्यांनी न्यायाधीश म्हणूनही काम केलं. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं आणि ठणकावून सांगितलं की इंग्लंडच्या परिस्थितीवरून बांधलेले सिद्धांत सगळ्या देशांना आणि सगळ्या काळांना लागू पडत नाहीत. पुढच्याच वर्षी ते मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, वेस्टच्या सुप्रीम कोर्टाच्या जागी १८६२ साली आलेल्या त्याच हायकोर्टाचे! न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून जमिनीच्या अर्थशास्त्राचा विचार करणारे दोघे, सत्तर वर्षांच्या अंतरानं, एकाच शहरात. पण रानड्यांना इथली रयत डोळ्यांपुढे दिसत होती, आणि माझ्या लेखी या बाबतीत त्यांचा शब्द वरचा आहे.

कोल्हापूर तेव्हा संस्थान. मुंबईच्या कोर्टाचा हुकूम पंचगंगेपर्यंत पोचण्याचा प्रश्नच नव्हता, इथली न्यायालयं दरबारची. १ मार्च १९४९ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९५०ला राज्यघटना आली आणि तिच्या २२६व्या कलमानं प्रत्येक हायकोर्टाला, ते ज्या राज्याचं त्या सगळ्या राज्यभर हेबियस कॉर्पस काढायचा अधिकार दिला. मोरो रघुनाथसाठी जी रेघ आडवी आली ती पुसली गेली. तरी कोल्हापूरकराला दाद मागायला रात्रभर प्रवास करून मुंबईच गाठावी लागे. वकिलांनी त्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला, आणि १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात, जांभेकरांचं पोंभुर्लंसुद्धा.

कोर्टाचं कामकाज खुलं असतं. कधी सवड काढून आत जाऊन बसा, आणि सरकारी वकिलाला न्यायमूर्ती ‘कुठल्या अधिकारानं?’ असं विचारतील तेव्हा नीट कान द्या.